कुणालाही विचारा

१

व्हिजिटिंग कार्डं छापणं हे माझं काम. पॅसिफिकमधल्या या नॉरफोक बेटावर हे काम करणारा मी एकटाच, म्हणून चांगलं करतो की वाईट ते कुणी तोंडावर सांगत नाही. घरामागच्या शेडमध्ये पायाने चालवायचं ट्रेडल मशीन आहे, शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, अठरा पेट्या आहेत, आणि कागद कापायचं एक पातं आहे, ते माझ्यापेक्षा म्हातारं. शाळा मी अकराव्या वर्षी सोडली. अक्षरं मला उलटीच ओळखीची, खिळ्यावर असतात तशी. सुलटी वाचायला अजून वेळ लागतो. तेव्हा लिहिण्यात काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

बेटावर आडनावं मोजून आठ-दहा, नावंही तीच ती. म्हणून प्रत्येकाला टोपणनाव, आणि फोनच्या यादीत सुद्धा तेच. बोटांना कायम शाई, म्हणून मी डाग. धक्क्यावर क्रेन चालवणारा सव्वासहा फुटी गडी आहे, तो मुंगी. आम्हाला आपसात कार्ड लागत नाही. लागतं ते विमानातून उतरणाऱ्या पाहुण्यांना. मधवाली येते, घोड्यावरून फिरवणारा येतो, केस कापणारी येते. प्रत्येकाला कार्डावर पाइनचं झाड हवं असतं, सोनेरी कडा हवी असते. मी सगळं ऐकून घेतो. मग म्हणतो, बाई, कार्डाने तीनच गोष्टी सांगायच्या. तू कोण, करतेस काय, आणि सापडशील कुठे. पहिल्या दोन थोड्या चुकल्या तरी निभावतं. तिसरी चुकली तर मग सगळा कागद वाया. बाकीची जागा मोकळी सोड, पाहुण्याला मागे काहीतरी खरडायला. माणूस स्वतःचं अक्षर सहसा फेकून देत नाही.

सोमवारी नि गुरुवारी मी फेरी मारतो. विमानतळ, बेकरी, दोन पाहुणघरं. सगळीकडे कप्प्यांची लाकडी फळी टांगलेली आहे. जो कप्पा रिकामा तो भरायचा, उन्हाने पिवळी पडलेली कार्डं काढून घ्यायची. गेली चाळीस वर्षं हेच चाललंय, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

त्या गुरुवारी फेरी आटोपून शेडमध्ये आलो तर दारात एक बाई उभी होती, आणि तिच्या हातात मी छापलेलं कार्ड होतं.

२

ग्लेनिस तिचं नाव. सत्तरीची असेल. गुडघ्याला पट्टा, डोक्यावर मोठी टोपी, बोलण्यात हसू. बेकरीत तिने कार्ड दाखवून विचारलं, तेव्हा बेकरीवालीने कार्ड पाहिलंच नाही, नुसतं म्हणाली की कार्डाचं काही असेल तर डागकडे जा. मग ती रस्त्यातल्या गाईंना वळसे घालत चालत आली.

"तुमच्या बेटावर पत्ता विचारला की लोक आधी माझाच विचारतात," ती म्हणाली. "कुठून आलात, नवरा कुठेय, गुडघ्याला काय झालं. सगळं सांगून झाल्यावर म्हणतात, आम्हाला नाही माहीत."

तिला त्या कार्डवाल्या माणसाबरोबर पुन्हा समुद्रात जायचं होतं. मंगळवारी दुपारी त्याने तिला हिरव्या होडीतून तासभर फिरवून आणलं होतं. धक्क्याच्या पुढे चुन्याची जुनी भट्टी आहे, तिच्याखाली सपाट खडक आहे, तिथून. तरुण मुलगा, तिशीतला, भला माणूस. पुन्हा कुठे भेटशील म्हटलं, तर त्याने कार्ड दिलं.

मी कार्ड हातात घेतलं. त्यावर तीन ओळी होत्या.

बटण.
मासेमारीच्या सफरी.
कुणालाही विचारा.

मी स्टुलावर बसलो. बाईला वाटलं उन्हाने झालं. तिने मला पाणी दिलं, माझ्याच माठातलं.

मी विचारलं, तो काही बोलला का.

"बोलला की. पण एक गंमत सांगू? रस्ता मलाच विचारत होता. म्हणे, इथे तांबड्या छपराचं घर होतं, ते कुठे गेलं हो? मी म्हटलं, बाबा, बेट तुझं, मी कालच्या विमानाने आलेय, मला काय विचारतोस? तर हसला. म्हणाला, मी कुणालाही विचारतो."

३

बटण माझा धाकटा भाऊ. खरं नाव हार्लन. दोन वर्षांचा असताना त्याने वडिलांच्या कोटाचं बटण गिळलं होतं, तेव्हापासून बटण. तो जन्मला त्याच वर्षी वडील गेले. मी शाळा सोडून छापखान्यात लागलो आणि त्याला वाढवलं. त्याला चालायला मी शिकवलं, पोहायला मी शिकवलं.

तिसाव्या वर्षी त्याने होडी घेतली. पाहुण्यांना मासे धरायला न्यायचं त्याच्या मनात होतं. मी म्हटलं, कार्ड मी छापतो. आणि छापलं. तेव्हा घरात फोन नव्हता, घराला नंबर नव्हता. बटण कोण ते गाईंना सुद्धा ठाऊक. म्हणून तिसऱ्या ओळीत मी लिहिलं, कुणालाही विचारा. मला ते फार छान वाटलं होतं. चारजणांना वाचून दाखवलं होतं.

तीन आठवडे एक माणूस आला नाही. पाहुण्याला 'कुणालाही' म्हणजे कोण ते कळत नाही हो. तो लाजतो, कार्ड खिशात घालतो नि दुसऱ्या होडीवाल्याकडे जातो. बटण शेडमध्ये येऊन म्हणाला, "दादा, हे कार्ड मला शोधायला आहे की लपवायला?" मी रागावलो. चूक माझी होती नि रागावलोही मीच. तो उलट बोलला नाही. गिऱ्हाईक नाही तर निदान मासे तरी आणतो म्हणाला, आणि समुद्र वाईट असताना एकटा गेला. त्याला तेहतीस वर्षं झाली. होडीची एक फळी सुद्धा परत आली नाही.

उरलेली कार्डं आईने चुलीत घातली. ते खिळे मी वितळवून टाकले, त्यातल्या एका अक्षराचा पाय मोडका होता. बाईने आणलेल्या कार्डात ते अक्षर मोडक्या पायानेच उभं होतं. मी त्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला शाई लागली. छापून तासभर झालेल्या कार्डाची लागते ना, तशी.

४

मी भोळा असेन, पण एकदम विश्वास ठेवणारा नाही. म्हटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. कुणाच्या तरी पुस्तकात जुनं कार्ड सापडलं असेल, त्यावरून नवी केली असतील. दमट हवेत शाई सुटतेही. पण मग होडीचं काय? आमच्या बेटाला बंदर नाही. होडी गाडीला जोडून धक्क्यावर आणायची, क्रेनने उचलायची, पाण्यात सोडायची. येताना तशीच वर घ्यायची. मुंगीच्या हाताखालून गेल्याशिवाय कुणी समुद्रात जात नाही. म्हणून मी मुंगीकडे गेलो.

तो क्रेनच्या सावलीत पिल्ही खात बसला होता. पिल्ही म्हणजे केळी कुस्करून भाजलेली वडी, ती त्याची बायको अशी करते की एक तुकडा खाल्ला की दुपारचं जेवण सुटतं. मला अर्धा तुकडा दिला. मी मंगळवारचं विचारलं.

"डागकाका, लाट बघा," तो म्हणाला. "रविवारपासून क्रेनला सुट्टी आहे. एक होडी गेलेली नाही."

"खडकावरून कुणी सोडली असेल?"

"खडकावरून होडी सोडायला माणूस वेडा पाहिजे, नाहीतर..."

त्याने पिल्हीच्या डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मी कार्ड दाखवलं. तो मोठा माणूस हात पाठीमागे बांधून वाकला आणि न शिवता वाचू लागला. मग म्हणाला, काका, हे घरी नेऊ नका. मी म्हटलं, मी माझ्या शेडमध्ये ठेवीन. तो म्हणाला, शेड घरातच येते.

५

शनिवारी ग्लेनिसबाई पुन्हा त्या खडकावर जाणार होती. मी म्हटलं, मीही येतो. आम्ही दोघं भट्टीखाली जाऊन बसलो. समोर फिलिप बेट तांबडंलाल उभं होतं, खडकाखाली पाणी आत जायचं नि घसा खाकरल्यासारखा आवाज करून बाहेर यायचं. दोन तास बसलो. बाईने मला तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या तीन गोष्टी सांगितल्या, तिन्ही चांगल्या होत्या. होडी काही आली नाही. खाली मान घालून मी घरी आलो. खरं सांगतो, सुटल्यासारखंही वाटलं होतं, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून स्वतःची लाजही वाटली.

रविवारी ती एकटी गेली. संध्याकाळी चहाला माझ्याकडे आली तेव्हा तिची चप्पल भिजलेली होती, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. म्हणाली, आज आला हो तुमचा मुलगा. ती त्याला माझा मुलगा म्हणाली. मी तिला अजून काही सांगितलं नव्हतं.

"कालही आला होता म्हणे. लांबूनच बघून गेला. मला विचारत होता, काल तुमच्याबरोबर बसला होता तो म्हातारा कोण?"

चहाचा कप मी हळूच खाली ठेवला. तो गेला तेव्हा माझे केस काळे होते. दोन पोती कागद खांद्यावर घेऊन मी चढ चढायचो. तो त्या माणसाला शोधतोय. मी तिथे जन्मभर बसलो तरी तो माणूस त्याला सापडायचा नाही.

आणि तांबड्या छपराचं घर. ते भट्टीजवळ होतं, पाण्याला लागून. तो गेल्यावर आईला समुद्र डोळ्यांसमोर नको झाला. वर्षाच्या आत आम्ही बेटाच्या दुसऱ्या अंगाला, वर, पाइनच्या आड आलो. जुनं घर सरकारने पाडलं. दुकान हलवलं की आधी कार्ड बदला, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला बजावतो. आम्ही घर हलवलं आणि पोराला कळवलं नाही. तेहतीस वर्षं तो विमानाने आलेल्या परक्या माणसांना आपलं घर विचारत होता, कारण मीच त्याला तसं छापून दिलं होतं.

६

त्या रात्री झोपलो नाही असं म्हणणार नाही, झोपलो. सकाळी उठून शेडमध्ये गेलो आणि आयुष्यात छापलं नव्हतं असं कार्ड जुळवायला घेतलं.

जाड कागद घेतला, पाण्यात लवकर लिबलिबीत न होणारा. मोठी अक्षरं घेतली, चोवीस पॉइंटची, खाऱ्या वाऱ्याने डोळे चुरचुरले तरी वाचता येतील अशी. चित्र नाही, कडा नाही. पहिल्या ओळीत: डाग. घरीच आहे. मग पत्ता. धक्क्यावरून चढाने वर, पुलाला डावीकडे, गाईंच्या पाण्याच्या टाकीपुढे तिसरं फाटक, निळं. हे सगळं चार ओळींत बसवायला मला दुपार झाली. घेणाऱ्याचं नाव घालावं का, असं एकदा मनात आलं. पण कार्डावर घेणाऱ्याचं नाव कुणी छापत नाही. तशी रीतच नाही.

मग वेळ. वेळ नसलेलं कार्ड अर्धवट. 'कधीही' लिहिणार होतो, हात पेटीकडे गेलाही होता. पण 'कधीही' म्हणजे त्या 'कुणालाही'चाच भाऊ. एकदा चुकलो ते पुरे झालं. मी लिहिलं, दुपारी तीन ते पाच.

ट्रेडल चालवताना नेहमी धप-धप असा आवाज येतो. त्या दिवशी मधूनमधून मी पाय उचलला तरी एखादा धप जास्तीचा ऐकू यायचा. पत्र्यावर पाइनचं बोंड पडलं असेल. पडतात.

ग्लेनिसबाईचं विमान मंगळवारचं होतं. सोमवारी ती शेवटची त्याच्या होडीकडे जाणार होती. मी तिला खरं काय ते सांगितलं. मग तिने गुडघ्याचा पट्टा नीट केला आणि म्हणाली, "माझ्या घराची वाट विचारणारा कुणी असता, तर मीही हेच केलं असतं. द्या."

मी दिली. एक नाही, वीसेकांचा जुडगा दिला, दोरा बांधून. कार्ड एकटं द्यायचं नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली सवय. एक ठेवायला, बाकीची पुढे द्यायला. कार्ड चालतं ते हातोहात. चाळीस वर्षं मी असंच देत आलो, त्याही दिवशी हात तसाच पुढे झाला.

७

मंगळवारी विमान गेलं. जाण्याआधी तिने बेकरीतून फोन केला. कार्डं त्याच्या हातात पडली होती. वाचून तो हसला नाही. तिच्याकडे पाठ करून बराच वेळ बसून राहिला. उतरताना तिने मागे पाहिलं तेव्हा तो जुडग्याचा दोरा सोडत होता.

दुपारी दोनला मुंगी आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, इथे काही लपत नाही. फाटकाशीच उभा राहून त्याने विचारलं, किती दिली. मी म्हटलं, जुडगा. वीस असतील.

"एका माणसाला वीस?"

मी सवयीचं सांगितलं. तो ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"काका, या धक्क्यावरून गेले नि आले नाहीत ते काय एकटे तुमचा बटण आहे? माझा आजा आहे. व्हेलमागे गेलेले आहेत. ज्यांची नावं कुणाला आठवत नाहीत असे आहेत. बटणने ती कार्डं काय खिशात ठेवली असतील?"

मी म्हटलं, बटण चांगला मुलगा आहे. कुणी वाट विचारली तर तो सांगेल.

"तेच म्हणतोय मी," मुंगी म्हणाला. मग विनवल्यासारखं म्हणाला, आज माझ्याकडे चला, बायकोने मासे तळलेत, पाचनंतर परत सोडतो. मी नको म्हटलं. घरीच आहे असं छापून घरी नसणं बरं दिसत नाही. तो गेला. गाडी त्याने नेहमीच्या रस्त्याने नेली नाही, लांबच्या रस्त्याने नेली.

८

तीनला मी ओट्यावर बसलो. लख्ख ऊन होतं. टाकीजवळच्या गाई रस्त्यात बसलेल्या होत्या. गाडी आली तरी त्या उठत नाहीत, गाडीच थांबते. तीन वाजून थोडं झालं असेल, त्या एकामागून एक उठल्या, रस्ता सोडून पलीकडच्या चढावर गेल्या, आणि आमच्या बाजूकडे तोंड करून उभ्या राहिल्या. रवंथ थांबला होता.

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऊन समोरून होतं. त्यामुळे मी जे सांगतो ते तेवढंच धरा. फाटकापलीकडे माणसं होती. दहा असतील, जास्तही असतील. पायरव नव्हता, ओल्या कपड्यांतून पाणी निथळतं तेवढाच आवाज. नवीन घर शोधणारा माणूस कसा उभा राहतो, तशी ती उभी होती. हातातलं कार्ड बघायचं, निळं फाटक बघायचं, पुन्हा कार्ड बघायचं. आत कुणी आलं नाही. चेहरे सगळे खाली.

मी त्यांत बटण शोधत होतो. खांद्यावरून ओळखेन म्हटलं, उभं राहण्यावरून ओळखेन म्हटलं. ज्या पोराला मी चालायला शिकवलं तो मला ओळखू येईना. तो पुढे का होत नाही, तेही कळेना. मग वाटलं, त्यालाही ओट्यावर म्हाताराच दिसत असेल. मला उठवेना. भीती होती, नाही कशाला म्हणू. पण भीतीपेक्षा हे जास्त होतं की हाक मारली आणि तो त्यांत नसलाच, तर. पाच वाजले तशी ती माणसं वळली. गाई मात्र अंधार पडेपर्यंत खाली उतरल्या नाहीत.

बुधवारी मुंगी सकाळीच आला. म्हणाला, फाटकाला साखळी आणलीय, मी घालून देतो. मी ती घेतली नि शेडमध्ये ठेवली. वाटलेलं कार्ड परत घेता येत नाही. आणि घेता आलं असतं तरी त्या वीसांत एक माझ्या भावाच्या हातात होतं.

तीनला ती माणसं आली. काल होती त्यापेक्षा थोडी जास्त वाटली. आज मी बसलो नाही. ओट्यावरून उतरलो, काठी टेकत फाटकापर्यंत गेलो. जवळ गेल्यावर मिठाचा वास आला, आणि माझ्याच शाईचा. हातातली कार्डं ओली होती, पण अक्षरं कुठे फुटली नव्हती. चेहरे मी पाहिले नाहीत. पाहायची हिंमत नव्हती. फाटकाच्या वरच्या फळीकडे बघत मी हळूच, घरातल्याला हाक मारतात तशी, हाक मारली.

"हार्लन."

सगळ्यांनी वर पाहिलं.

एकाने नाही हो, सगळ्यांनी. जणू प्रत्येकाचं नाव तेच होतं, आणि ते कुणीतरी घेईल म्हणून प्रत्येक जण किती काळापासून उभा होता कुणास ठाऊक. त्यांत माझा होता की नाही, मला अजून सांगता येत नाही.

मी फाटकाची कडी काढली.